पॉलिअमाइन मोडणारी एन्झाइम्स कॅन्सर मारतात की वाढवतात?

एकाच एन्झाइमवर उंदरांचे दोन प्रयोग झाले, साधारण वर्षभराच्या अंतराने छापून आले, आणि निकाल एकदम उलटे. २००४ सालचा प्रयोग प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचा होता. ज्या उंदरांना हा कॅन्सर होणारच अशी जनुकांतच सोय करून ठेवलेली असते त्यांच्या शरीरात पॉलिअमाइन मोडायच्या कामातलं एसएसएटी नावाचं एन्झाइम मुद्दाम जास्त बनवायला लावलं, तर गाठी कमी वाढल्या. २००५ साली आतड्यात गाठी होणाऱ्या उंदरांत हेच एन्झाइम असंच वाढवलं, तर गाठी कमी व्हायच्या सोडून कित्येक पटींनी जास्त झाल्या, आणि तेच एन्झाइम काढून टाकलेल्या उंदरांत गाठी कमी निघाल्या. बरं हे एकमेकांशी भांडणाऱ्या दोन लॅबचं प्रकरण म्हणावं तर तेही नाही, अमेरिकेत बफेलोला रोझवेल पार्क कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे तिथले कार्ल पोर्टर दोन्ही पेपरांत आहेत. त्यामुळे हे एन्झाइम चांगलं का वाईट असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठल्या अवयवात आणि कधी? आता हे असं का होतं ते नीट बघू, थोडी केमिस्ट्री येईल पण घाबरू नका, फॉर्म्युले काढणार नाही.

आधी पॉलिअमाइन म्हणजे काय ते. आपल्या प्रत्येक पेशीत तीन छोटे रेणू असतात, प्युट्रेसिन, स्पर्मिडीन आणि स्पर्मीन. कार्बनची एक लांबट साखळी आणि तिच्यावर ठरावीक अंतरावर नायट्रोजनचे गट, प्युट्रेसिनवर दोन, स्पर्मिडीनवर तीन, स्पर्मीनवर चार, बस एवढंच. स्पर्मीनचे स्फटिक माणसाने सगळ्यात आधी बघितले ते लेव्हेनहुकने, तोच तो डच कापडवाला ज्याने स्वतः घासलेल्या भिंगांतून जंतू बघितले होते, त्याने १६७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात वीर्यात दिसलेल्या स्फटिकांचं वर्णन आहे. ते नेमके काय आहेत याची रचना ठरायला मात्र १९२० चं दशक उजाडलं. म्हणजे अडीचशे वर्षं ही गोष्ट डोळ्यासमोर होती आणि कुणाला काही पत्ता नव्हता.

या नायट्रोजन गटांवर पेशीच्या आत पॉझिटिव्ह चार्ज असतो, आणि डीएनए, आरएनए, रायबोसोम हे सगळे निगेटिव्ह, त्यामुळे पॉलिअमाइन जाऊन त्यांना चिकटतात, विशेषतः आरएनएला. पेशीत यांचं प्रमाण मिलीमोलरच्या घरात असतं, म्हणजे भरपूरच, पण त्यातले बहुतेक कुठे ना कुठे चिकटलेले असतात, मोकळे फिरणारे थोडे. डीएनए आवळून ठेवणं, रायबोसोमवर प्रोटीन बनवायचं काम सुरळीत चालू ठेवणं, पेशीच्या भिंतीतल्या काही पोटॅशियम चॅनलच्या तोंडात बसून त्यांचा प्रवाह ठरवणं अशी बरीच कामं हे करतात. आणि एक काम तर असं आहे की त्याला दुसरा पर्यायच नाही. ईआयएफ-५ए नावाचं एक प्रोटीन आहे, त्याच्यातल्या लायसिन नावाच्या एका अमिनो आम्लावर स्पर्मिडीनचा तुकडा नेऊन जोडावा लागतो, तो जोडला नाही तर ते प्रोटीन काम करत नाही आणि मग रायबोसोम काही ठिकाणी, उदाहरणार्थ लागोपाठ प्रोलीन आले की, अडकून बसतो. म्हणून ज्या पेशीला वाढायचंय, दोनाच्या चार व्हायचंय, तिला पॉलिअमाइन हवेतच, आणि जास्त हवेत.

ते बनवायचा पहिला मोठा टप्पा म्हणजे ऑर्निथिनपासून प्युट्रेसिन करणारं ओडीसी हे एन्झाइम. याचं आयुष्य बघा, दहा ते तीस मिनिटं! आपल्या शरीरातल्या सगळ्यात कमी टिकणाऱ्या एन्झाइमांपैकी एक. पेशी ते बनवते, वापरते, फेकते, परत बनवते, कारण तिला ते मिनिटामिनिटाला कमीजास्त करता यायला हवं. पॉलिअमाइन जास्त झाले की अँटीझाइम नावाचं प्रोटीन तयार होतं आणि ते ओडीसीला धरून मोडीत काढायला नेतं. हे अँटीझाइम बनतं कसं तेही मजेशीर आहे, त्याच्या आरएनएमध्ये मधेच थांबायची खूण आहे, एरवी रायबोसोम तिथे थांबून निघून जातो, पण पॉलिअमाइन भरपूर असले की तो एक अक्षर पुढे घसरतो आणि मग पुढचं सगळं वाचलं जातं. म्हणजे पॉलिअमाइनच ठरवतात की आपलं उत्पादन बंद करायचं का. कॅन्सरमध्ये बऱ्याचदा मिक नावाच्या जनुकाचा ताबा सुटलेला असतो आणि ओडीसीचं जनुक मिकच्या थेट हुकमाखाली आहे, त्यामुळे गाठीत पॉलिअमाइन वाढलेले सापडतात. १९७१ मध्ये डायेन रसेल यांनी कॅन्सर पेशंटच्या लघवीत पॉलिअमाइन जास्त जातात असं दाखवलं तेव्हा लोकांना वाटलं की झालं, आता लघवी तपासली की कॅन्सर कळणार, पण साधी सूज आली, जखम भरत असली तरी ते वाढतात, म्हणून ती टेस्ट रोजच्या वापरात काही आली नाही.

हे झालं बनवण्याचं. पेपरात, बातम्यांत याच्यावरच सगळं लिहिलेलं असतं. मोडणाऱ्या बाजूकडे लोक फार बघत नाहीत आणि मला विचाराल तर खरी गंमत तिकडेच आहे.

मोडणारी मुख्य एन्झाइम्स तीन. पहिलं वर आलेलं एसएसएटी. हे प्रत्यक्षात काही तोडत नाही, स्पर्मीन किंवा स्पर्मिडीनच्या टोकाला एक अॅसिटिल गट लावतं. लावला की त्या टोकाचा पॉझिटिव्ह चार्ज गेला, चार्ज गेला की आरएनएवरची पकड सुटली, आणि तो रेणू मोकळा झाला. आता त्याच्यापुढे दोन रस्ते, एक तर पेशीबाहेर जाऊन लघवीवाटे निघून जाणं, नाहीतर पेरॉक्सिझोम नावाच्या कप्प्यात जाणं. तिथे दुसरं एन्झाइम बसलेलं आहे, पीएओएक्स, ते अॅसिटिल लावलेल्या रेणूचा तुकडा पाडतं, स्पर्मीनचं स्पर्मिडीन होतं, स्पर्मिडीनचं प्युट्रेसिन. म्हणजे जिना चढून आलेला रेणू परत खाली उतरतो. पण या तोडण्यात एक हायड्रोजन पेरॉक्साइडचा रेणू आणि एक अल्डिहाइड तयार होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे तेच जे जखमेवर टाकल्यावर फसफसतं. पेरॉक्सिझोममध्ये मात्र कॅटलेझ भरलेलं असतं, ते पेरॉक्साइडचं पाणी करून टाकतं, त्यामुळे तिथे फारसं बिघडत नाही.

तिसरं एन्झाइम उशिरा सापडलं. अनेक वर्षं पुस्तकात हाच दोन पायऱ्यांचा रस्ता शिकवायचे, आधी अॅसिटिल लावा मग तोडा. २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या रॉबर्ट कॅसेरो यांच्या गटाने मानवी स्पर्मीन ऑक्सिडेझचं जनुक वेगळं काढलं, एसएमओएक्स. याला अॅसिटिल वगैरे काही लागत नाही, थेट स्पर्मीन पकडतं आणि स्पर्मिडीन करतं. आणि हे पेरॉक्सिझोममध्ये नसतं, सायटोप्लाझममध्ये असतं आणि न्यूक्लियसमध्येही असतं, म्हणजे पेरॉक्साइड तयार होतं ते कॅटलेझपासून लांब आणि डीएनएच्या शेजारी. वर आणखी एक भानगड, या तोडण्यात जो ३-अमिनोप्रोपॅनल निघतो त्याचं आपोआप अॅक्रोलिन होऊ शकतं. अॅक्रोलिन म्हणजे सिगरेटच्या धुरात असतं, कढईतलं तेल जळून धूर निघाला की डोळ्यांना झोंबतं ते, प्रोटीनला आणि डीएनएला सरळ जाऊन चिकटणारं जहाल द्रव्य. तर पेशी स्वतःच्या वाढीचा माल कमी करायला जाते आणि त्यातून डीएनए फोडणारं विष तयार होतं, हा सगळ्या गोष्टीचा गाभा आहे, पुढचं सगळं यातूनच निघतं.

आता पोटात काय होतं ते बघा. हेलिकोबॅक्टर पायलोरी, ज्याला सगळे एच पायलोरी म्हणतात, हा बॅक्टेरिया भारतात निम्म्याहून जास्त लोकांच्या जठरात असतो. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही, काहींना अल्सर, आणि अगदी थोड्यांना कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ मध्येच याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात नक्की कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत टाकलंय. कॅसेरो आणि व्हँडरबिल्टचे कीथ विल्सन यांच्या कामातून दिसलं की हा बॅक्टेरिया जठराच्या अस्तरातल्या पेशींत स्पर्मीन ऑक्सिडेझ वाढवतो, पेशीतलं स्पर्मीन मोडायला लागतं, पेरॉक्साइड साठतं, काही पेशी मरतात आणि काहींच्या डीएनएला मार बसतो. मेलेल्या पेशींची चिंता नाही, त्या गेल्या. चिंता त्यांची ज्यांचा डीएनए फुटला आणि तरी ज्या जगल्या, कारण जठराचं अस्तर सतत नवीन होत असतं आणि अशी एक पेशी विभागत राहिली की चुका पुढे जातात, हे वर्षानुवर्षं, दशकानुदशकं चालू. मोठ्या आतड्यातही असाच प्रकार आहे, बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसची एक विष सोडणारी जात असते ती आतड्याच्या पेशींत हेच एन्झाइम वाढवते, २०११ मध्ये उंदरांवर दाखवलं की एमडीएल ७२५२७ नावाचा ऑक्सिडेझ अडवणारा पदार्थ दिला की सूजही कमी आणि आतड्यातल्या गाठीही कमी. म्हणजे इथे मोडणारं एन्झाइम बंद करण्यात फायदा. हे लक्षात ठेवा, कारण पुढे बरोबर उलटं येणारे.

परत त्या दोन उंदरांकडे येतो. एसएसएटी वाढवलं की पॉलिअमाइन संपतील असं आपल्याला वाटतं, पण २००४ च्या प्रयोगात प्रोस्टेटमधले साठे काही खलास झाले नव्हते. गच्चीवरच्या टाकीचा खालचा नळ उघडा राहिला आणि मोटरही चालू असली तर टाकीतली पातळी तीच दिसते, पण मीटर मात्र पळत असतो ना, तसंच. एसएसएटीने मोडलं तेवढं ओडीसीने परत बनवलं, परत मोडलं, परत बनवलं. मीटर इथे कसला? एक अॅसिटिल गट लावायचा तर एक अॅसिटिल-कोए जातो, तोच अॅसिटिल-कोए ज्याच्यापासून पेशी चरबी बनवते, आणि वाढत्या गाठीला नवीन पेशींच्या भिंती उभारायला चरबी लागतेच. त्या उंदरांच्या प्रोस्टेटमध्ये अॅसिटिल-कोएचे साठे घटलेले सापडले. प्रोस्टेट मुळात स्पर्मीन बनवून वीर्यात सोडणारा अवयव, त्याचा हा व्यवहार आधीच मोठा, त्यात हा उघडा नळ, म्हणून गाठीला तो झेपला नाही. अंगभर एसएसएटी जास्त असलेले उंदीर लुकडे असतात, अंगावर चरबी कमी, आणि एसएसएटी काढून टाकलेल्या उंदरांना चरबीयुक्त खाणं दिलं की ते लठ्ठ होतात, तेही याच हिशोबात बसतं.

आतड्यात मात्र मोटर पळवण्याचाच तोटा झाला. तिथल्या गाठींना जास्त वेगाने बनणारे नवे पॉलिअमाइन मिळाले, मोडण्यातून निघणारं पेरॉक्साइडही मिळालं, आणि त्यांचं फावलं. म्हणून नुसतं गाठीत पॉलिअमाइन किती आहेत हे मोजून काही कळत नाही, ते किती वेगाने बनतायत आणि मोडतायत हे कळायला हवं, आणि वेग मोजणं पातळी मोजण्यापेक्षा फार कटकटीचं काम आहे.

थोडं विषयांतर करतो, केसांचं. फिनलंडमधल्या कुओपिओच्या गटाने १९९७ मध्ये एसएसएटी जास्त असलेले पहिले उंदीर तयार केले तेव्हा ते थोड्याच दिवसांत टकले झाले, कारण मोडून मोडून कातडीत प्युट्रेसिन साठलं. आता माणसांत बघा, ओडीसीच्या जनुकात बिघाड होऊन ते मोडेनासं झालं तर बाखमन-बप सिंड्रोम होतो, २०१८ मध्ये ओळखला गेलेला अगदी दुर्मिळ आजार, या मुलांच्या डोक्यावर, भुवयांवर केस नसतात, वाढ मागे राहते. त्यांना ओडीसी अडवणारं डीएफएमओ औषध दिलं तर केस आले, भुवया आल्या! आणि हेच डीएफएमओ क्रीमच्या रूपात अमेरिकेत २००० साली बायकांच्या चेहऱ्यावरचे नको असलेले केस कमी करायला मंजूर झालं. एकाला केस आणायला, दुसऱ्याचे घालवायला, औषध तेच. पॉलिअमाइन कमी पडले तरी केसाचं मूळ वाढत नाही आणि फार झाले तरी बिघडतं.

डीएफएमओचा इतिहास सांगायलाच हवा कारण मोडणाऱ्या एन्झाइमांचं महत्त्व त्याच्या अपयशातूनच कळलं. १९७० च्या दशकाच्या शेवटी हे कॅन्सरसाठी बनवलं. ओडीसी त्याला आपलाच माल समजून पकडतं आणि तिथेच कायमचं जाम होतं. लॅबमध्ये झकास चाललं, १९८० च्या दशकात पेशंटना दिलं तर फारसं काही होईना, उलट जास्त डोसला काहींना कमी ऐकू यायला लागलं, औषध थांबवलं की बहुतेकांचं परत ठीक व्हायचं. का चाललं नाही? कारण उत्पादन बंद केलं तर पेशी बाहेरून आयात करते, जेवणातून, आतड्यातल्या बॅक्टेरियांकडून, शेजारच्या मेलेल्या पेशींकडून. मग हे औषध गाजलं भलतीकडेच, आफ्रिकेतल्या निद्रारोगावर. तिथल्या गॅम्बिएन्से परजीवीचं ओडीसी आपल्यासारखं पटकन मोडत नाही, बराच काळ टिकतं, त्यामुळे एकदा जाम केलं की त्याला नवीन बनवायला वेळ लागतो आणि तोपर्यंत तो संपतो, आपल्या पेशी मात्र अर्ध्या तासात नवीन ओडीसी काढून मोकळ्या. १९९० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, कोमात गेलेले पेशंट उठून बसायचे म्हणून त्याला रिझरेक्शन ड्रग म्हणायचे, पण घेणारे सगळे गरीब, नफा नाही, म्हणून नव्वदच्या दशकाच्या मध्यात उत्पादन बंद पडलं. मग चेहऱ्याचं क्रीम आलं, त्यात पैसे होते, आणि लोकांनी विचारायला सुरुवात केली की मिशीसाठी बनतं मग मरणाऱ्यांसाठी का नाही, २००१ मध्ये अॅव्हेंटिस कंपनी आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्यात करार होऊन ते परत मिळायला लागलं. औषधाच्या धंद्याबद्दल यापेक्षा कडू गोष्ट मला चटकन आठवत नाही.

कॅन्सरमध्ये डीएफएमओ परत आलं ते जोडीदार घेऊन. सुलिंडॅक हे सांधेदुखीचं जुनं औषध, आणि या जातीची औषधं आतड्याच्या पेशींत एसएसएटी वाढवतात. म्हणजे एकाने बनवणं बंद, दुसऱ्याने बाहेर काढणं चालू, दोन्हीकडून कोंडी. २००८ मध्ये छापलेल्या ट्रायलमध्ये ज्यांच्या मोठ्या आतड्यातले पॉलिप, म्हणजे अस्तरावर येणाऱ्या छोट्या गाठी, काढलेले होते अशा ३७५ लोकांना ही जोडी किंवा नुसत्या खोट्या गोळ्या तीन वर्षं दिल्या, खोट्या गोळ्यावाल्यांत ४१ टक्के लोकांना पॉलिप परत आले, जोडीवाल्यांत १२ टक्के. इतका फरक कॅन्सर टाळण्याच्या ट्रायलमध्ये सहसा दिसत नाही. पण घाईने नाचू नये, कारण ज्यांना घराण्यातूनच शेकडो पॉलिप होण्याचा आजार असतो अशा १७१ लोकांवर २०२० मध्ये आलेल्या ट्रायलमध्ये आजार वाढण्याच्या बाबतीत जोडी आणि एकेकटं औषध यांत ठोस फरक निघाला नाही.

मग डिसेंबर २०२३. लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा नावाच्या कॅन्सरात, जो बहुधा अॅड्रिनल ग्रंथीच्या आसपास सुरू होतो, अवघड केसेसमध्ये बऱ्याचदा मिकचाच भाऊबंद एमवायसीएन पटीपटीने वाढलेला असतो, म्हणजे ओडीसीला सतत हुकूम. केमो, सर्जरी, रेडिएशन, अँटीबॉडी हे सगळं करून झाल्यावर आजार परत येऊ नये म्हणून डीएफएमओच्या गोळ्या दोन वर्षं द्यायला अमेरिकेच्या एफडीएने मंजुरी दिली. यात खोट्या गोळ्यांचा गट नव्हता, औषध दिलेल्या १०५ पैकी ९० मुलांची तुलना आधीच्या ट्रायलमधल्या मुलांशी केली होती, त्यामुळे सल्लागार समितीत सगळे एकमत नव्हते, १४ विरुद्ध ६. मला ही मतं वाचायला आवडतात, कारण सहा जणांचं म्हणणंही चूक नव्हतं. तरी परत उलटलेला न्यूरोब्लास्टोमा किती वाईट असतो ते ज्यांनी बघितलंय त्यांना ते १४ का म्हणाले ते समजेल.

आता खरी मोडणारी बाजू, ती औषध म्हणून वापरायचा प्रयत्न. कल्पना अशी की पेशीला नकली पॉलिअमाइन द्यायचा, दिसायला खऱ्यासारखा, पण काम न करणारा. डायइथिलनॉरस्पर्मीन हा त्यातला सगळ्यात गाजलेला. पेशीला वाटतं पॉलिअमाइन फार झालेत, ती ओडीसी बंद करते आणि एसएसएटी सुरू करते, वर हा नकली रेणू एसएसएटीला चिकटून त्याला मोडू देत नाही, एरवी एसएसएटीही ओडीसीसारखंच मिनिटांचं धनी. मेलानोमाच्या, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरच्या, काही पेशींत एसएसएटी हजारो पटींनी वाढलेलं सापडलं! खरे पॉलिअमाइन जवळपास संपले, पेरॉक्साइड साठलं, पेशी मेल्या. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एका प्रकारच्या पेशी अशाच पटापट मेल्या, दुसऱ्या, स्मॉल सेल प्रकारच्या पेशींत मात्र एसएसएटी फारसं वाढलंच नाही. आणि पेशंटमध्ये? ब्रेस्ट कॅन्सरच्या फेज दोन ट्रायलमध्ये, २००३ साली, कुणाचीच गाठ म्हणावी तशी आकसली नाही. डिशमध्ये हजारो पट आणि माणसात शून्य, हे या विषयात वारंवार होतं. पुढे डिशमध्ये हे नकली रेणू ऑक्सॅलिप्लॅटिन किंवा ५-एफयू सोबत दिले तर एसएसएटी दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त वाढतं असं दिसलं, म्हणजे नेहमीच्या केमोची औषधंही काही अंशी याच रस्त्याने जातात.

सिसप्लॅटिनचंच घ्या. आपल्याकडे तंबाखू-गुटख्याच्या कृपेने तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे पेशंट ढिगाने आहेत, त्यातल्या कितीतरी जणांना रेडिएशनबरोबर सिसप्लॅटिन लागतं, आणि आधी बाटल्याच्या बाटल्या सलाइन चढवतात ते किडनी सांभाळायला. उंदरांवरच्या कामात दिसलंय की सिसप्लॅटिनने किडनीत एसएसएटी आणि स्पर्मीन ऑक्सिडेझ वाढतात, आणि एसएसएटी नसलेल्या उंदरांची किडनी कमी खराब होते. म्हणजे गाठीत जी गोष्ट व्हावी असं वाटतं तीच किडनीत होऊ नये असं वाटतं, आणि सलाइनच्या बाटलीला काही ते कळत नाही.

२०१६ मध्ये यात आणखी एक धागा मिळाला. पी५३ हे पेशीचं राखणदार जनुक, कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त बिघडलेलं सापडतं ते हेच, तर पी५३ चालू झालं की ते एसएसएटीचं जनुक चालू करतं. त्याने पेशीच्या भिंतीतल्या चरबीला गंज चढायला मदत होते आणि पेशी फेरोप्टोसिस नावाच्या, लोहाच्या जोरावर होणाऱ्या मरणाने मरायला सोपी होते. नुसत्या एसएसएटीने नाही, सोबत ऑक्सिडेशनचा ताण हवा. म्हणून कुठल्या गाठीत पी५३ शाबूत आहे आणि कुठल्या नाही यावरही या एन्झाइमचा परिणाम ठरणार.

लॅबवाल्यांसाठी एक गोष्ट, बाकीच्यांनी गाळली तरी चालेल पण वाचलीत तर बातम्या वाचताना उपयोग होईल. पेशी वाढवतात त्या माध्यमात गाईच्या वासराचं सीरम घालतात, आणि गुरांच्या सीरममध्ये त्यांचं स्वतःचं अमाइन ऑक्सिडेझ असतं. अशा डिशमध्ये वरून स्पर्मीन किंवा स्पर्मिडीन टाकलं की पेशीच्या आत काही व्हायच्या आधी बाहेरच पेरॉक्साइड आणि अल्डिहाइड तयार होतात, पेशी मरतात, आणि अडाणी माणूस लिहितो की स्पर्मीनने कॅन्सर मारला. हे टाळायला त्या ऑक्सिडेझला अडवणारं अमिनोग्वानिडीन घालतात. कुठल्याही पेपरच्या पद्धतीच्या भागात हा शब्द शोधायचा, नसला तर निष्कर्ष जरा सांभाळून घ्यायचा, मी तरी तेच करतो.

सध्याचा जोर कशावर आहे म्हणाल तर आयात बंद करण्यावर. एएमएक्सटी १५०१ नावाचा रेणू पॉलिअमाइन आत येऊ देत नाही, तो डीएफएमओबरोबर द्यायच्या ट्रायल चालू आहेत, म्हणजे बनवणंही बंद, आणणंही बंद. मग त्यात मोडण्याचा वेग वाढवला तर गाठीला जागाच उरणार नाही असं कागदावर दिसतं. माझं मत विचाराल तर मोडणारी एन्झाइम्स वाढवणारं औषध एकट्याने कधी चालेल असं मला वाटत नाही, आणि जठरात-आतड्यात सूज असलेल्या माणसाला ते द्यायच्या आधी दहादा विचार करावा लागेल. उलट धोका असलेल्या पण अजून कॅन्सर न झालेल्या माणसात स्पर्मीन ऑक्सिडेझ अडवणारं नेमकं औषध मिळालं तर ते जास्त कामाचं, आणि तसं चांगलं औषध अजून बाजारात नाही.

शेवटी स्पर्मिडीनच्या गोळ्या, कारण हल्ली ऑनलाइन सगळीकडे दिसतात आणि व्हॉट्सअॅपवर विचारतात. २००९ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या फ्रँक माडेओ यांच्या गटाने यीस्ट, माश्या, कृमी यांचं आयुष्य स्पर्मिडीनने वाढतं आणि पेशीतली साफसफाई, म्हणजे ऑटोफॅजी, वाढते असं दाखवलं, तिथून ही लाट आली. काम चांगलं आहे, पण गोळीचं गणित वेगळं. वर सांगितलं तो जिना विसरू नका, आत गेलेलं स्पर्मिडीन स्पर्मिडीन म्हणून राहीलच असं नाही, आतड्याच्या आणि लिव्हरच्या पेशी त्याचं काहीही करू शकतात. निरोगी माणसांना रोज स्पर्मिडीन देऊन केलेल्या एका अभ्यासात रक्तातलं स्पर्मिडीन वाढलंच नाही, वाढलं ते स्पर्मीन. गव्हाचा कोंब, सोयाबीन, मशरूम, मुरलेलं चीज यात ते भरपूर असतं, घरी सोयाबीन होत असेल तर गोळीवर पैसे घालवायची गरज नाही. आणि घरात कुणाची केमो चालू असेल, किंवा डीएफएमओसारखं औषध चालू असेल, तर त्या माणसाला ही गोळी ऑन्कॉलॉजिस्टला न विचारता देऊ नका, कारण त्या औषधाचा सगळा खटाटोपच गाठीपर्यंत पॉलिअमाइन पोचू नयेत म्हणून चाललेला असतो.